जादूगाराचे हात

चित्रकथांमधल्या महानायकांना त्यांची शक्ती कुठून मिळाली, हा प्रश्न एकदा वर्गात विचारून पाहावा. उत्तरे भराभर येतात. सुपरमॅन (१९३८) परग्रहावरून आला. स्पायडरमॅनला (१९६२) किरणोत्सारी कोळी चावला. हल्कवर (१९६२) गॅमा किरणांचा मारा झाला. या सगळ्या गोष्टींना विज्ञानाचा सदरा चढवलेला असतो. सदराच म्हणायचा, कारण आत विज्ञान फारसे नसते. गॅमा किरणांनी पेशींमधल्या डीएनएची मोडतोड होते, पेशी मरतात, पुढे कर्करोग होऊ शकतो. अंगात दहा हत्तींचे बळ येत नाही. पण गोष्टीत 'गॅमा किरण' हा शब्द आला की मुलांना वाटते, असेलही बुवा.

या मंडळींत एक जण वेगळा आहे. डॉक्टर स्टीफन स्ट्रेंज. तो मुळात शल्यचिकित्सक, म्हणजे विज्ञानाच्या घरातलाच. तिथून तो निघतो आणि जादूकडे जातो. त्याच्या गोष्टीत किरणांचा किंवा रसायनांचा आधार घेतलेला नाही. मंत्र, तावीज, हातांच्या मुद्रा असा सरळ जादूचा कारभार आहे. जादूला जादूच म्हणणारी गोष्ट विज्ञान शिकवणाऱ्याला कमी त्रास देते असे माझे मत आहे. शिवाय या जादूगाराचा साठ वर्षांचा प्रवास पाहू गेले तर वाटेत खरे विज्ञानही बरेच भेटते, आणि तेही अनपेक्षित ठिकाणी.

आधीचे जादूगार

स्ट्रेंजच्या आधीही जादूगार नायक होतेच. १९३१ साली अमेरिकेत रेडिओवर 'चंदू द मॅजिशियन' ही मालिका सुरू झाली. नाव आपल्याकडचे, पण नायक अमेरिकन. तो भारतातल्या योग्यांकडून विद्या शिकून आलेला. १९३२ साली त्यावर चित्रपटही निघाला. ११ जून १९३४ रोजी वर्तमानपत्रांतून ली फॉक यांचा 'मॅन्ड्रेक' सुरू झाला. चित्रे मुख्यतः फिल डेव्हिस यांची. डोक्यावर उंच हॅट, खांद्यावर झगा, बारीक मिशी, आणि हाताची एक खूण केली की समोरच्याच्या पिस्तुलाचे काहीतरी भलतेच झालेले. मराठी वाचकांना याची ओळख करून द्यायला नको. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स' काढायला सुरुवात केली. त्यातून फँटम आणि मॅन्ड्रेक मराठीतही आले आणि १९९० मध्ये ते प्रकाशन बंद होईपर्यंत घराघरांत वाचले गेले. आज शिकवत असलेल्या कित्येक शिक्षकांनी ती पुस्तके पाठ्यपुस्तकात लपवून वाचली असतील.

मॅन्ड्रेकच्या जादूचे स्पष्टीकरण चित्रकथेतच दिलेले असे: संमोहन. पिस्तूल बदलत नाही, पाहणाऱ्याला ते बदलल्याचे भासते. आता संमोहन ही खरी गोष्ट आहे, पण ती अशी क्षणात, दहा जणांवर एकदम आणि त्यांच्या मर्जीविरुद्ध चालत नाही. एकाग्र झालेली, सहकार्य करणारी व्यक्ती सूचनांना नेहमीपेक्षा जास्त प्रतिसाद देते, इतकाच तिचा गाभा. मॅन्ड्रेकचे ते हात हलवणे मात्र जुन्या परंपरेतले आहे. अठराव्या शतकात फ्रान्ट्स मेस्मर नावाचा वैद्य रुग्णांच्या अंगावरून हात फिरवून 'प्राणिज चुंबकत्वा'ने रोग बरे केल्याचा दावा करत असे. पॅरिसमध्ये त्याचे इतके प्रस्थ माजले की १७८४ साली राजाने चौकशी समिती नेमली. समितीत बेंजामिन फ्रँकलिन होते, लव्हाझिएही होते.

या समितीने काय केले ते विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. फ्रँकलिन यांच्या बागेतल्या एका झाडात मेस्मरच्या शिष्याने ते 'चुंबकत्व' भरले. मग एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेले. मुलगा बेशुद्ध पडला खरा, पण भलत्याच झाडापाशी! म्हणजे परिणाम खरा होता, त्याचे सांगितलेले कारण मात्र खोटे होते. आज नव्या औषधांच्या चाचण्या ज्या 'अंध' पद्धतीने होतात, तिच्या सुरुवातीच्या उदाहरणांत या बागेचा उल्लेख होतो.

पाच पानी जागा

१९५० च्या आसपास अमेरिकेत चित्रकथांवर मोठे संकट आले. फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५४ साली एक पुस्तक लिहून असे मांडले की चित्रकथांमुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता करून घेतली. भुताखेतांच्या, भयकथांच्या मासिकांचा धंदाच बसला. गंमत पुढे आहे. वर्थम यांची कागदपत्रे २०१० मध्ये संशोधकांना खुली झाली. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरल टिली यांनी ती तपासली आणि २०१२ मध्ये दाखवून दिले की मुलांच्या मुलाखतींमधल्या नोंदी वर्थम यांनी ठिकठिकाणी बदलल्या होत्या, वेगवेगळ्या मुलांची बोलणी एकत्र केली होती, अडचणीचे तपशील गाळले होते. वर्थम काही दुष्ट गृहस्थ नव्हते. हार्लेममधल्या गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी दवाखाना चालवला होता. मुलांच्या भल्याची कळकळ होती म्हणूनच त्यांना निष्कर्षाची घाई झाली असावी. अठ्ठावन्न वर्षे हे कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण मूळ नोंदी कुणी पाहिल्याच नव्हत्या.

अशा वातावरणात, जुलै १९६३ ची तारीख असलेल्या 'स्ट्रेंज टेल्स' मासिकाच्या ११० व्या अंकात, मागच्या बाजूला एक पाच पानी गोष्ट आली. किंमत बारा सेंट. मुख्य नायक दुसराच होता; ही भरतीची गोष्ट. वाईट स्वप्नांनी हैराण झालेला एक माणूस डॉक्टर स्ट्रेंजकडे येतो. डॉक्टर त्याच्या स्वप्नात शिरतो आणि तिथे दुःस्वप्नांच्या अधिपतीशी त्याची गाठ पडते. रुग्णाचा त्रास त्याच्याच पापातून आलेला निघतो. गोष्टीचे संवाद स्टॅन ली यांचे. कल्पना आणि चित्रे स्टीव्ह डिटको यांची; ली यांनी त्याच वर्षी एका पत्रात कल्पना डिटकोचीच असल्याचे लिहून ठेवले आहे. स्पायडरमॅनचे चित्ररूपही डिटको यांच्याच लेखणीतले. दोन्ही नायकांच्या हातांची ठेवण जवळ ठेवून पाहावी: मधली दोन बोटे मिटलेली, तर्जनी आणि करंगळी ताणलेली. एक जण जाळे फेकतो, दुसरा मंत्र टाकतो.

डिटको (१९२७–२०१८) हे मोठे विलक्षण गृहस्थ. मुलाखती देत नसत, छायाचित्रे काढू देत नसत. त्यांनी जादूच्या दुनियेसाठी एक युक्ती केली. आपण कागदावर खोली किंवा रस्ता काढतो तेव्हा क्षितिजरेषा आणि संपातबिंदू ठरवतो. रुळांच्या समांतर रेषा दूर जाऊन एका बिंदूत मिळतात. याला यथादर्शन म्हणतात. चित्रातली खोली, अंतर, खाली-वर हे सगळे मेंदू त्यावरून ओळखतो. डिटको यांनी न्यूयॉर्कचे रस्ते या नियमाने चोख काढले. पण स्ट्रेंज दुसऱ्या मितीत गेला की क्षितिजच काढून टाकले. तुकड्या-तुकड्यांच्या वाटा हवेत तरंगतात, दारे कशालाच न जोडलेली असतात, दूर काय आणि जवळ काय याचा पत्ता लागत नाही. माणूस मात्र नेहमीच्या प्रमाणात. त्यामुळे पाहणाऱ्याला खरोखर गरगरते. चित्रकलेच्या शिक्षकांनी ही दोन पाने शेजारी ठेवली तर यथादर्शनाचा धडा पटकन समजेल.

छपाईही त्याला अनुकूल होती. स्वस्त वर्तमानपत्री कागद आणि चार शाया: निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. फिकट छटा हवी तर रंगाचे बारीक ठिपके छापायचे. डोळा ते ठिपके एकत्र करून छटा बनवतो. भिंग घेऊन आजच्या वर्तमानपत्रातले रंगीत चित्र पाहिले तरी हे ठिपके दिसतात. अशा छपाईत मऊ छायाप्रकाश जमत नाही, पण भडक सपाट रंग शेजारी-शेजारी उत्तम उठतात. डिटको यांच्या काळोख्या मितीला नेमके तेच हवे होते.

पाहता पाहता महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ही पाने डोक्यावर घेतली. ऑक्टोबर १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'डॉक्टर स्ट्रेंजला मानवंदना' अशा नावाने संगीताची मैफल झाली. १९६८ मध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या तबकडीच्या वेष्टनावर स्ट्रेंजच्या चित्रकथेतला तुकडा झळकला. अशी चित्रे काढणारा माणूस नशेत असला पाहिजे, असा अनेकांचा समज होता. प्रत्यक्षात डिटको कडक शिस्तीचे, तर्कनिष्ठेचे तत्त्वज्ञान मानणारे. विलक्षण चित्रे काढायला विलक्षण मनःस्थिती लागत नाही. टेबल, शाई आणि सराव लागतो. १९६६ मध्ये त्यांनी हे काम सोडले. १९६८ च्या जूनपासून मासिकच डॉक्टर स्ट्रेंजच्या नावाने निघू लागले आणि पुढच्याच वर्षी बंद पडले. त्यानंतर ते अनेकदा सुरू झाले, थांबले, पुन्हा सुरू झाले. तो सगळा हिशेब इथे देण्यात अर्थ नाही.

हात गेले तर

डॉक्टर स्ट्रेंजच्या गोष्टीचा जीव डिसेंबर १९६३ च्या ११५ व्या अंकात आहे. तिथे त्याचे पूर्वायुष्य कळते. तो अतिशय कुशल आणि अतिशय गर्विष्ठ सर्जन. पैसे आधी, रुग्ण नंतर. मोटार अपघातात त्याच्या हातांच्या चेता दुखावतात. हात दिसायला ठीक, पण शस्त्रक्रियेला निकामी. इतरांना सल्ला देण्याचे काम त्याला देऊ केले जाते; ते तो अपमान समजून झिडकारतो. भटकत, खंगत, शेवटी पूर्वेकडच्या डोंगरांत एका वृद्ध गुरूकडे पोचतो. हात बरे करून द्या, एवढीच मागणी. गुरू नकार देतात. पुढे गुरूंवर घाला घालायचा कट त्याला दिसतो, तेव्हा तो प्रथमच स्वतःखेरीज दुसऱ्याचा विचार करतो आणि शिष्य होतो. हात मात्र पूर्वीसारखे होत नाहीत. २०१६ च्या चित्रपटातही अखेरपर्यंत त्याचे हात थरथरतच राहतात. गोष्ट जादूची, पण एवढ्या बाबतीत तिने जादू केली नाही हे मला फार मोलाचे वाटते.

चेतांचे खरोखर काय होते? बोटे हलवणाऱ्या चेतापेशींची मूळ शरीरे मानेतल्या मज्जारज्जूत असतात. तिथून त्यांचे तंतू दंडातून, कोपरातून थेट तळहातापर्यंत येतात. तळहाताच्या छोट्या स्नायूपर्यंत पोचणारा एक तंतू म्हणजे एकाच पेशीचा हातभर लांब धागा! तो वाटेत तुटला तर तुटल्यापासून पुढचा भाग मरतो. मागचा टोकाकडून पुन्हा वाढू लागतो, पण वेग किती? दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कोपरापाशी चेता तुटली आणि तळहातातला स्नायू तिथून ३० सेंटीमीटरवर असेल तर ३०० दिवस झाले. तेही वाट बरोबर सापडली तर. इकडे चेता नसलेला स्नायू झिजत असतो. साधारण वर्ष-दीड वर्षानंतर तंतू येऊन पोचला तरी स्नायू नीट काम करीलच असे नाही. ही शर्यत आहे, आणि खांद्याजवळच्या जखमेत ती बहुधा हरलेली असते. अपघातानंतर बोटांत हालचाल दिसत नाही म्हणून नातेवाईक महिन्या-दोन महिन्यांत धीर सोडतात, मग कुणीतरी एखाद्या बाबाचे नाव सुचवते. अशा वेळी हे साधे गणित माहीत असणे फार उपयोगी पडते. उशीर निसर्गाचा आहे. तोवर सांधे मोकळे ठेवायचे व्यायाम थांबवायचे नसतात.

आता मला खटकणाऱ्या गोष्टीकडे येतो. चंदू भारतात शिकला, स्ट्रेंज हिमालयाकडे गेला. पाश्चात्त्य चित्रकथांमध्ये औषधे, यंत्रे, शस्त्रक्रिया पश्चिमेकडे. मंत्रतंत्र, गुरू, गूढ विद्या पूर्वेकडे, अशी वाटणी ठरून गेलेली. आपल्यापैकी अनेकांना त्यात उगाच अभिमानही वाटतो. पण १९६३ साली हात गमावलेला सर्जन खरोखरच पूर्वेकडे निघाला असता, तर त्याला काय दिसले असते?

जानेवारी १९६३ मध्ये शांघायच्या एका रुग्णालयात चेन चुंगवेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रात सापडून मनगटाच्या वर पूर्ण तुटलेला एका कामगाराचा हात पुन्हा जोडला. हाडे, रक्तवाहिन्या, स्नायुरज्जू, चेता, सगळे. तो हात पुढे कामाला आला. अशा यशस्वी शस्त्रक्रियांपैकी ही जगातली अगदी सुरुवातीची.

आणि तो दक्षिण भारतात आला असता तर वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांचे काम पाहून थक्क झाला असता. ब्रँड यांचा जन्म १९१४ सालचा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. आईवडील इंग्रज मिशनरी. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोगात जंतू चेतांवर हल्ला करतात. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी चेता निकामी झाली की बोटे नखीसारखी वाकडी होतात. 'नखी हात' म्हणतात तो हाच. ब्रँड यांनी असे पाहिले की सगळे स्नायू लुळे पडलेले नसतात. पुढच्या हातातले काही चांगले असतात. मग चालू असलेल्या स्नायूची रज्जू सोडवून, वाट बदलून लुळ्या बोटाला जोडायची. प्रत्येक बोट वाकवायला दोन रज्जू असतात, एक वरच्या थरातली आणि एक खोल. त्यातली एक देऊ करता येते. शस्त्रक्रियेनंतर खरी परीक्षा मेंदूची. पूर्वी बोट वाकवणाऱ्या स्नायूने आता दुसरेच काम करायचे असते, आणि ते रुग्णाला आठवडेच्या आठवडे सरावाने शिकावे लागते. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून वेल्लोरला असे शेकडो हात पुन्हा घास उचलू लागले.

ब्रँड यांनी आणखी एक मोठी गोष्ट दाखवली. कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळतात असा सार्वत्रिक समज होता. प्रत्यक्षात वेदना कळत नसल्यामुळे माणूस गरम भांडे तसेच धरतो, खिळा पायात घेऊन चालत राहतो, आणि जखमांमधून बोटे जातात. दुखणे हे संरक्षण आहे. तेव्हा, हातांचा वैद्य शोधत निघालेल्या माणसाने मठाऐवजी वेल्लोरचे स्टेशन गाठले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. अर्थात मग ती कुणी छापली नसती.

पडद्यावर

डॉक्टर स्ट्रेंज पडद्यावर प्रथम आला तो ६ सप्टेंबर १९७८ रोजी, अमेरिकन दूरदर्शनवरच्या चित्रपटात. त्यात तो सर्जनऐवजी मानसोपचारतज्ज्ञ होता. मालिका काढायचा बेत होता, तो बारगळला. डिटको यांची ती क्षितिज नसलेली दुनिया त्या काळच्या तंत्रात आणि पैशांत उभी करणे अशक्यच होते. कागदावर एका माणसाने शाईने जे पाच पानांत केले, ते पडद्यावर यायला अर्धशतक गेले.

नोव्हेंबर २०१६ मध्ये स्कॉट डेरिक्सन दिग्दर्शित 'डॉक्टर स्ट्रेंज' प्रदर्शित झाला. बेनेडिक्ट कंबरबॅच नायक. (यातला अपघात रात्री मोटार चालवताना रुग्णाच्या मेंदूच्या प्रतिमा पाहत असल्यामुळे होतो. मोबाइल वापरत दुचाकी चालवणाऱ्या वरच्या वर्गांना हे आवर्जून सांगावे.) चित्रीकरणाची सुरुवात नोव्हेंबर २०१५ मध्ये काठमांडूच्या खोऱ्यात झाली. त्याच वर्षी २५ एप्रिलला ७.८ क्षमतेच्या भूकंपाने नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार माणसे मेली होती. पाटणच्या चौकातली आणि स्वयंभूच्या टेकडीवरची मोडतोड पुरती सावरलेलीही नव्हती. चित्रकथेतले आशियाई गुरू मात्र चित्रपटात केल्टिक वंशाची स्त्री झाले, टिल्डा स्विंटन यांनी साकारलेली. यावर बरीच टीका झाली. तिबेटी गुरू दाखवला तर चीनचा प्रेक्षक दुरावेल, असे कारण पटकथाकारांपैकी एकाने जाहीरपणे सांगितले. निर्मात्यांनी वेगळे कारण दिले. पूर्वेचे डोंगर हवेत, माणसे अडचणीची, असा तो प्रकार.

चित्रपटातला पाहण्याजोगा भाग म्हणजे त्यातली भूमिती. न्यूयॉर्कच्या इमारती घडी घातलेल्या कागदासारख्या दुमडतात. एका प्रसंगात स्ट्रेंजच्या बोटांना छोटे हात फुटतात, त्या हातांच्या बोटांना आणखी छोटे हात, असे चालूच राहते. जो आकार मोठ्यात तोच लहान तुकड्यात, याला स्वसादृश्य म्हणतात आणि अशा आकारांना १९७५ मध्ये बेन्वा मँडेलब्रॉ यांनी 'फ्रॅक्टल' हे नाव दिले. फुलकोबीचा तुरा मोडून पाहा: प्रत्येक तुकडा म्हणजे छोटी फुलकोबीच. संगणकाला असा आकार काढायला फार सूचना लागत नाहीत. एकच कृती, तिचे उत्तर घेऊन पुन्हा तीच कृती.

फ्रॅक्टलचे एक उदाहरण आपल्या भूगोलाच्या पुस्तकातच बसले आहे. भारताच्या किनाऱ्याची लांबी पिढ्यान् पिढ्या ७,५१६ किलोमीटर अशी पाठ केली जाई. अलीकडे अधिक बारीक प्रमाणाच्या नकाशांवरून फेरमोजणी झाली आणि सरकारी आकडा ११,०९८ किलोमीटरवर गेला. समुद्र काही वाढला नाही. मोजपट्टी लहान झाली, त्यामुळे पूर्वी ओलांडून जायचो त्या खाड्या, वळणे, खडक सगळे मोजणीत आले. किनाऱ्याला मोजपट्टीशिवाय 'खरी' लांबी नसते, हेच मँडेलब्रॉ यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल लिहिले होते.

अखेरच्या हाँगकाँगच्या प्रसंगात काळ उलटा चालतो. कोसळलेल्या भिंती उठून जुळतात. विटांच्या प्रत्येक टकरीकडे पाहिले तर त्यात न्यूटनच्या नियमांविरुद्ध काही नाही. एका टकरीची चित्रफीत उलटी फिरवली तर ओळखू येणार नाही. तरीही लाखो तुकडे आपणहून जुळताना पाहून लहान मूलही म्हणते, हे उलटे आहे. तुकडे विखुरलेले असण्याच्या शक्यता अगणित आणि भिंत होण्याची जवळपास एकच, म्हणून आपण भिंती पडताना पाहतो. उष्मागतिकीचा दुसरा नियम शिकवायला या प्रसंगाइतके चांगले चित्र मिळणे कठीण. या चित्रपटाला रॉचेस्टर विद्यापीठातले खगोलभौतिकतज्ज्ञ ॲडम फ्रँक यांचा सल्ला होता. दृश्यपरिणामांसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. पारितोषिक मात्र 'द जंगल बुक'ने नेले. म्हणजे काठमांडूच्या जादूगाराला शिवनीच्या मोगलीने हरवले म्हणायचे!

२०२२ च्या पुढच्या चित्रपटात नायक अनेक विश्वांतून फिरतो. भौतिकीत ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या कल्पनेत अनेक जगे आहेत खरी, पण एकातून दुसऱ्यात जायला तिथे दार नाही. चित्रपटाने दार घेतले आणि बाकीचे सोडून दिले. मला तो पहिल्याइतका भावला नाही.

चकलीने बांधलेला जादूगार

त्याआधी, डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या स्पायडरमॅनच्या चित्रपटात डिटको यांची दोन्ही मानसपुत्रे समोरासमोर येतात. जादूगार आरशातल्या दुनियेत शाळकरी स्पायडरमॅनला घेरतो. जमीन दुमडते, रस्ते गोल फिरतात. तेवढ्यात मुलाच्या ध्यानात येते की हे फिरणे आर्किमिडीजच्या सर्पिलासारखे आहे. जादू असली तरी तिला आकार आहे, आणि आकाराला गणित. तो हिशेब करून जाळी टाकतो आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य जादूगाराला लटकवून निघून जातो. घाईघाईत तो पुटपुटतो त्या गणिताला फारसा अर्थ नाही, पण सर्पिलाचे नाव त्याने बरोबर घेतले आहे.

हे सर्पिल म्हणजे आपली चकली. केंद्रापासून निघालेली रेषा प्रत्येक फेऱ्याला सारखीच बाहेर सरकते, त्यामुळे दोन वळ्यांमधले अंतर सगळीकडे एकच. डास पळवणाऱ्या वेटोळ्याच्या उदबत्तीतही तेच. शंखात तसे नसते. तिथे प्रत्येक वळे आधीच्यापेक्षा ठरावीक पटीने रुंद होत जाते. कोळ्याचे गोल जाळे कोणत्या प्रकारचे? चिकट धाग्याची वळी साधारण सारख्या अंतरावर असतात, कारण कोळी आधीच्या धाग्यापासूनचे अंतर पायांनी चाचपत पुढचा धागा लावत जातो. तेव्हा स्पायडरमॅनने वापरलेली भूमिती घरचीच होती.

वर्गात हे सर्पिल काढायला एक पट्टी आणि कोनमापक पुरे. कागदाच्या मध्यावर बिंदू घेऊन ३० अंशांच्या अंतराने बारा किरण काढावेत. पहिल्या किरणावर केंद्रापासून २.५ मिलिमीटरवर खूण, दुसऱ्यावर ५, तिसऱ्यावर ७.५, असे करत जावे. बारा किरण झाले की पुन्हा पहिल्यावर यावे. तीन फेऱ्यांत ३६ बिंदू होतात आणि शेवटचा केंद्रापासून ९ सेंटीमीटरवर येतो. हाताने सावकाश जोडावेत. मग कुठल्याही किरणावर दोन वळ्यांमधले अंतर मोजावे: ३ सेंटीमीटर भरले पाहिजे. दुसऱ्या कागदावर २.५ मिलिमीटर मिळवत जाण्याऐवजी प्रत्येक वेळी आधीच्या अंतराला १.१ ने गुणत जावे, सुरुवात ५ मिलिमीटरपासून. शंख तयार होतो. पण छत्तिसावा बिंदू कुठे येईल याचा अंदाज मुलांकडून आधी घ्यावा, आणि कागद जरा मोठा घ्यावा.